पंचगंगेचा काठ कोणाचा?

तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा सुरू होते आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की ती संपते. गेली अनेक वर्षे हा क्रम चुकलेला नाही. वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी बाटल्यांत पाण्याचे नमुने भरून नेतात, एखाददुसऱ्या उद्योगाला नोटीस निघते, पालकमंत्री बैठक बोलावतात आणि नदीसाठी काही कोटींचा आराखडा जाहीर होतो. मग बंधाऱ्याचे बरगे निघतात, साचलेली सगळी घाण नृसिंहवाडीच्या संगमापाशी कृष्णेच्या ओटीत पडते आणि शासनापासून नागरिकांपर्यंत सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात. सुटका होत नाही ती फक्त नदीची आणि तिच्या काठावर पोट असलेल्यांची.

मासे विषाने मरतात अशी सार्वत्रिक समजूत आहे. पुष्कळदा ते गुदमरून मरतात. उन्हाळ्यात नदी वाहत नाही. एका बंधाऱ्यापासून दुसऱ्या बंधाऱ्यापर्यंत ती डबक्यांच्या माळेसारखी पडून असते. त्या डबक्यांत शहराचे सांडपाणी येते, साखर आणि मद्यार्क कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी येते, इचलकरंजीच्या प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी येते. वरून केंदाळाची जाड गोधडी पसरलेली असते. या पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना त्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकते आणि पहाटेच्या सुमारास, जेव्हा तो सर्वांत कमी असतो तेव्हा, मासा पाण्यात असूनही श्वासाला मुकतो. शाळेतल्या मुलालाही समजावे असे हे रसायन आहे. ते शासनाला समजत नाही असे मानणे भोळेपणाचे होईल.

शासनाला ते चांगलेच समजते, याचा पुरावा शासनाच्याच कागदांत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातील होते, आणि पंचगंगेचा त्यांत समावेश होता. त्याआधी २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने नदीचा अभ्यास केला, अहवाल झाला. जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा तर १९७४ पासून आहे. पण कायद्याचे दात कोठे असतात ते २०२४ च्या दुरुस्तीने दाखवून दिले. या दुरुस्तीने बहुतेक गुन्ह्यांची तुरुंगवासाची शिक्षा काढून तेथे दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आणला. हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना ती प्रथम लागू झाली. इतर राज्यांना विधिमंडळाच्या ठरावाने ती स्वीकारण्याची वाट मोकळी ठेवली. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या उद्योगाला पंधरा लाखांचा दंड म्हणजे उत्पादनखर्चातील आणखी एक रकाना. उसाच्या फडाला पाणी देण्यासाठी रात्री विजेचा आकडा टाकणाऱ्या शेतकऱ्यावर मात्र आजही फौजदारी होते, हे येथे आठवणे अप्रस्तुत नाही.

कोल्हापूर महापालिकेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कसबा बावड्याला प्रतिदिनी ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. जयंती नाल्याचे पाणी पूर्वी बिनदिक्कत नदीत जात असे, त्यात फरक पडला. अशी केंद्रे आणखी हवीत, नदीकाठच्या मोठ्या गावांनाही हवीत, आणि ती चालू ठेवण्याचे वीजबिल भरले जायला हवे; कारण बंद पडलेले केंद्र आणि नसलेले केंद्र यांत नदीला फरक कळत नाही. परंतु पंचगंगा वाचविण्याचा सगळा विचार नळ, पंप आणि टाक्या एवढ्यावरच येऊन थांबला आहे, ही खरी चिंतेची बाब आहे. त्यातून जे उरते ते घाटांच्या सुशोभीकरणात जाते. दगडी पायऱ्या, रंगीत दिवे, महाआरती. नदीला दोन काठ असतात आणि त्या काठांना मालक असतात, हा साधा मुद्दा कोणत्याही आराखड्यात येत नाही. तो आणला की प्रश्न अभियांत्रिकीचा राहत नाही, जमिनीचा होतो. आणि जमिनीचा प्रश्न काढणे आजच्या सत्ताधाऱ्यांना परवडणारे नाही.

पंचगंगा होते कशी, हे एकदा पाहावे. भोगावती राधानगरीच्या, कासारी शाहूवाडीच्या, कुंभी गगनबावड्याच्या डोंगरांतून येते. तुळशी त्यांना मिळते. पाचवी सरस्वती गुप्त आहे असे लोक मानतात. प्रयाग चिखलीला त्यांचा संगम होतो आणि तेथून पुढे नृसिंहवाडीपर्यंत ही पंचगंगा. या पाचांचे पाणी मूळ कोठले? घाटमाथ्यावर जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सडे आहेत. पावसाळ्यात ते स्पंजासारखे पाणी पितात आणि पुढे महिनोन्महिने झऱ्यांच्या रूपाने ते सोडत राहतात. या सड्यांवर गावांची गुरे चरत, धनगरांची मेंढरे फिरत. उतारावर देवराया होत्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले की श्रद्धेने राखलेली ही रानेच पुष्कळ ठिकाणी मूळ अरण्याचे शेवटचे अवशेष होत. जेथे देवराई, तेथे बहुधा झरा. खाली सपाटीला आले की गायराने, आणि नदीच्या कडेला पुराच्या गाळाने भरलेल्या मळ्या. मळीचे रान वर्षातून एकदा पाण्याखाली जायचे, म्हणून तेथे कोणी घर बांधत नसे. पूर ओसरला की गाळावर रब्बीचे पीक घेत किंवा गवत राखत. काठावर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांची दाट ओळ असे. त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला असे, त्यांच्या सावलीत मासा अंडी घालत असे. भोयाचे जाळे, कुंभाराची माती, धनगराची चराई या साऱ्यांचा या पट्ट्यावर हक्क होता. कागदावर नसेल, पण व्यवहारात होता.

आज ‘मळी’ हा शब्द उच्चारला की कोल्हापुरात कोणाला नदीकाठचे रान आठवत नाही, कारखान्याचे काळे पाणी आठवते. एका पिढीत एका शब्दाचा अर्थ असा पालटावा, यात या जिल्ह्याचा पन्नास-साठ वर्षांचा आर्थिक इतिहास आला.

हा इतिहास केवळ लोभाचा म्हणून सांगणे चुकीचे आहे. राधानगरीचे धरण शाहू छत्रपतींनी मनावर घेतले ते रयतेच्या शेताला पाणी मिळावे म्हणून. ते पुरे होण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हीसुद्धा मूळची मोठी शहाणपणाची रचना होती. पावसाळ्यात बरगे काढायचे, पूर आणि गाळ मोकळा जाऊ द्यायचा. पावसाळा सरता सरता बरगे घालायचे आणि मागे राहिलेले पाणी वापरायचे. सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी हे पाणी उपसून माळावर नेले आणि दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याच्या हाती प्रथमच रोख पैसा आला. सहकारी साखर कारखान्यांनी खाजगी मालकांची मक्तेदारी मोडली. डावी आणि समाजवादी चळवळ या लढ्यांत होती, उसाच्या दरासाठी रस्त्यावर होती, आणि त्याचा अभिमान वाटण्यास जागा आहे. मात्र ऊस पाण्याच्या कडेपर्यंत गेला तेव्हा ती गप्प राहिली. वाळुंजाची रांग तोडून तेथे शेवटची सरी काढली गेली, गवताचे रान मोडून फड झाला, वीटभट्ट्यांनी मळीची माती खणून नेली. नदीचा जो पट्टा पूर्वी पाणी गाळून घेत होता तो उलट पाण्यात खते आणि औषधे सोडू लागला. उत्पादन कोणाचे वाढले हे मोजले गेले; या बदलात कोणाचा हक्क बुडाला याची मोजणी कोणी केली नाही.

ती मोजणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्याने केली. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कोल्हापूरचा संपर्क तुटला. सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखविले. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा नकाशावर आखल्या जातात, मग आक्षेप येतात, मग रेषांची फेरआखणी होते. बांधकाम व्यावसायिकाला नदीपेक्षा रेषा सरकवणे सोपे जाते. महामार्गाचे मातीचे भराव पुराच्या पाण्याला आडवे येतात हे काठावरचा प्रत्येक शेतकरी बोटाने दाखवतो. भरावाच्या जागी खांबांवर पूल करा, ही त्याची मागणी साधी आणि न्याय्य आहे.

पूर सर्वांना सारखा बुडवतो, असे म्हणतात. भरपाई मात्र सारखी मिळत नाही. ती सातबारा पाहून मिळते. शिरोळ तालुक्यात दुसऱ्याच्या फडात राबणारा शेतमजूर, वाट्याने शेती करणारा, पुरात दोन शेरडे गमावलेली विधवा, वीटभट्टीवर आलेले परगावचे कुटुंब यांच्या नावावर जमीनच नाही. मग जमिनीच्या नुकसानीच्या यादीत त्यांचे नाव यावे कोठून? ज्याच्याजवळ आधीच काही नव्हते त्याचे काही गेले नाही, असा हा हिशेब आहे. नदीचा प्रश्न हा वर्गीय प्रश्न आहे, हे सिद्ध करण्यासाठी ग्रंथ उघडण्याची जरुरी नाही. पुरानंतरच्या पंचनाम्याचे रजिस्टर उघडले तरी पुरे.

येथे गायरानाचा विषय काढला पाहिजे, कारण नदीकाठाचा आणि गायरानाचा प्रश्न एकच आहे आणि या प्रश्नावर पुरोगामी कार्यकर्त्यांच्या मनात गोंधळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला की गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवून त्या गावाला परत द्याव्यात. भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनी, तसेच शाळा, दवाखाना यांसारख्या सोयी, यांना त्या निकालाने वगळले होते. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून गायरानांचा विषय हाती घेतला. तेव्हा राज्यभरात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याची माहिती पुढे आली आणि नोटिसांचा धडाका सुरू झाला. कोल्हापूर जिल्ह्यात संतापाची लाट उसळली, जिल्हाधिकारी कचेरीवर प्रचंड मोर्चा निघाला. तो संताप योग्यच होता. दोन खणांच्या घरात चाळीस वर्षे राहिलेल्या मजुराला एका नोटिशीने उठवणे हा न्याय नव्हे.

पण त्या मोर्चाच्या गर्दीत आणखीही काही मंडळी मिसळली होती, हेही डोळ्यांआड करता येणार नाही. गायरानावरचे झोपडे आणि गायरानावरचे मंगल कार्यालय, पेट्रोल पंप किंवा शिक्षणसम्राटाचे क्रीडांगण या एकाच जातीच्या वस्तू नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, तो पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. त्याच मागणीच्या रेट्याने २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे तत्त्व मान्य केले. भूमिहीनाच्या पोटासाठी मिळवलेल्या या हक्काची ढाल करून बागायतदाराने आणि बिल्डराने त्याच्यामागे दडून बसावे, ही लबाडी पक्षाच्या शाखांनी उघडी पाडली पाहिजे. राहत्या घरांना आणि कसणाऱ्या भूमिहीनाला पूर्ण संरक्षण, व्यापारी कब्जांना शून्य दया, आणि उरलेली प्रत्येक एकर जमीन गावाच्या सामाईक मालकीत कायम. या तीन गोष्टी एकत्र मागितल्या तरच त्यांना अर्थ आहे. त्यांतली एकच उचलली की ती मागणी कोणातरी धनिकाच्या कामी येते.

येथे एक कडवट योगायोग नोंदवावासा वाटतो. दाजीपूरचे जंगल हे करवीरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान. १९५८ साली ते अभयारण्य झाले, २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, आणि आज भोगावतीच्या उगमाला तेच आधार देते. राजाची शिकारीची जागा वाचली. रयतेची गायराने मात्र लोकशाहीच्या काळात गेली. त्याच राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या सड्यावर बॉक्साइटसाठी डोंगर खरवडला गेला. समाजवाद्यांनी यावर जरा थांबून विचार करावा. सामाईक मालमत्तेचे रक्षण करणारी लोकांची यंत्रणा उभी केली नाही, तर सामाईक म्हणजे बेवारस असाच अर्थ होतो, आणि बेवारस मालाला वारस मिळायला वेळ लागत नाही.

हे न केल्याने काय होते त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण इचलकरंजीचे आहे. यंत्रमागांच्या खडखडाटावर जगणारे हे कामगारांचे शहर पंचगंगेच्या काठी वसले आहे, पण ते तिचे पाणी पिऊ शकत नाही. म्हणून ते वारणेकडे वळले. २०१८ च्या सुमारास दानोळीच्या आणि वारणाकाठच्या शेतकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. मग सुळकूडहून दूधगंगेचे पाणी आणण्याची योजना पुढे आली. कागल तालुका आणि दूधगंगेचा काठ पेटून उठला. एका बाजूला घागरी घेऊन बसलेल्या कामगार स्त्रिया, दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी रस्ता अडवणारे शेतकरी. दोघेही श्रमिक, दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त, आणि दोघेही एकमेकांवर दात खाऊन उभे. ज्यांनी पंचगंगा नासवली ते कोणत्याच बाजूच्या मोर्चात नव्हते. ते घरी स्वस्थ होते. इचलकरंजीच्या माणसाला शुद्ध पाणी मिळालेच पाहिजे, आणि तातडीची सोय म्हणून ते कोठून मिळेल यावर वाटाघाट व्हावी. परंतु आपली नदी मेली म्हणून शेजाऱ्याची नदी मागायची, तीही काही वर्षांत तशीच मरेल तेव्हा तिसरीकडे जायचे, या मार्गाला शेवट नाही. कामगार आणि शेतकरी यांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या पक्षाला या वादात बोटचेपी भूमिका घेता येणार नाही. दोघांची समान मागणी एकच असू शकते, ती म्हणजे पंचगंगा पिण्याजोगी झाली पाहिजे.

हे शक्य आहे काय? शक्य आहे, आणि त्याच्या खुणा या मातीतच आहेत. शिरोळ तालुक्यात बेसुमार पाण्याने आणि खतांनी हजारो एकर जमीन क्षारपड झाली, पांढरी फटक पडली. ती सुधारायची तर जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून खारे पाणी बाहेर काढावे लागते. पण एकट्या शेतकऱ्याला हे करता येत नाही. त्याच्या शेताचा निचरा शेजाऱ्याच्या बांधाखालून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. म्हणून गावेच्या गावे एकत्र आली. शिरोळच्या दत्त सहकारी कारखान्याने त्यात पुढाकार घेतला आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या भाऊबंदांनी एका नळाला वाट दिली. मेलेली जमीन पुन्हा पिकू लागली. हे काम पाहिलेल्या कोणीही ‘लोक एकत्र येत नाहीत’ हे रडगाणे गाऊ नये. हे खारे पाणी शेवटी नदीतच जाते, त्याचाही बंदोबस्त व्हायला हवा. पण जेथे एवढे साधले तेथे पुढचेही साधेल.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर बळिराजा धरण बांधले गेले ते ऐंशीच्या दशकात. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेले कामगार, दुष्काळाने पोळलेले शेतकरी आणि मुक्ती संघर्ष चळवळीचे कार्यकर्ते यांनी तो प्रश्न उचलला. ठेकेदार नदीतली वाळू बेफाम उपसून नेत होते, नदी खोल जात होती, विहिरी आटत होत्या. लोकांनी ती लूट रोखली आणि थोडी वाळू स्वतः विकून त्या पैशातून धरणाला हात घातला. आणि त्या पाण्यावर हक्क ठरविला तो जमिनीवरून नव्हे, माणसांवरून. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. वाळू कोणाची, पाणी कोणाचे, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला आणि मग दगड रचले. पंचगंगेच्या आराखड्यांत नेमका हाच क्रम उलटा आहे.

दूरचेही एक उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. जर्मनीत रूरच्या कोळसापट्ट्यात एम्शर नावाची नदी आहे. शंभर वर्षे ती उघडे गटार होती. १८९९ साली तेथे नदीसाठी एक संघ स्थापन झाला. नदीखोऱ्यातील नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांना त्याचे सभासदत्व सक्तीचे, आणि ज्याची घाण जास्त त्याची वर्गणी जास्त. नव्वदच्या दशकापासून या संघाने पाच अब्ज युरोंहून अधिक खर्चून भूमिगत वाहिन्या घातल्या, काँक्रीटमधून नदी मोकळी केली, काठाची जमीन पुन्हा नदीला दिली. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी जाणे थांबले. भांडवलशाही देशात हे झाले म्हणून तेथे सगळे आलबेल आहे असा अर्थ नाही. त्या संघाने प्रथम नदीचे गटारच केले होते, हेही खरे. पण सहकाराचा डंका पिटणाऱ्या कोल्हापुरात उसाचा संघ आहे, दुधाचा संघ आहे, नदीचा संघ नाही, एवढे तरी जाणवावे.

पंचगंगा खोऱ्याचा असा संघ कायद्याने स्थापन व्हावा, ही पक्षाची मागणी असावी. कारखाने, प्रक्रिया उद्योग, औद्योगिक वसाहती, महापालिका आणि नगरपालिका यांना त्यात वर्गणी सक्तीची. मात्र कारभारात काठावरच्या ग्रामसभांचे, शेतमजुरांचे आणि भोई समाजाचे प्रतिनिधी बहुमतात. उसाच्या बिलातून टनामागे नाना निधींसाठी पैसे कापण्याची रीत जुनी आहे. नदीसाठी मात्र तो पैसा कारखान्याच्या नफ्यातून यावा, शेतकऱ्याच्या बिलातून नव्हे. या निधीतून पहिले काम काठाचे. दोन्ही तीरांवर ठरावीक रुंदीचा पट्टा उसातून मोकळा करून तेथे गवत आणि मूळची झाडे यावीत. ज्याची जमीन त्यात जाईल त्या लहान शेतकऱ्याला दरवर्षी रोख मोबदला, मोठ्या बागायतदाराला नाही. त्या पट्ट्यावरील गवत, जळण, फळ आणि मासळी यांवर पहिला हक्क गावातील भूमिहीनांचा, रोपवाटिकेचे आणि राखणीचे काम रोजगार हमीतून त्यांनाच.

‘शेतकऱ्याच्या पोटावर पाय आणता’, असा आरोप यावर होणार. तो सर्वांत मोठ्याने करतील ते शंभर एकरवाले. काठाची शेवटची सरी ही तशीही नदीचीच असते. पूर दर दोन-चार वर्षांनी ती घेऊन जातो आणि फडात कुजलेला ऊस ठेवून जातो. हिशेब मांडून दाखवला तर लहान शेतकऱ्याला तो समजतो. समजत नाही तो सावकाराला आणि सोसायटीच्या राजकारणाला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काठ मोकळा करण्याच्या नावाखाली गरिबांची वस्ती उठवून पुढे तेथे शहरी लोकांसाठी फिरायची बाग करतील, ही भीती. अनेक शहरांतील नदीतीर सुधारणेचा अनुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. म्हणूनच काठ महापालिकेच्या किंवा कंपनीच्या हाती न जाता ग्रामसभेच्या मालकीत जावा, आणि ज्याला उठवावे लागेल त्याला आधी त्याच गावात पूररेषेबाहेर पक्के घर मिळावे, ही अट सोडता कामा नये.

कोल्हापूरला चळवळ करता येते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली या शहराने टोलविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. पानसरे यांचा फेब्रुवारी २०१५ मध्ये खून झाला, पण त्याच वर्षाच्या अखेरीस टोल हटला. गणेशमूर्ती आणि निर्माल्य दान करण्याची चळवळ येथे विवेकवादी कार्यकर्त्यांनी टवाळी सोसत सुरू केली आणि ती हजारो घरांत रुजली. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले, तेही वकिलांच्या आणि जनतेच्या प्रदीर्घ आंदोलनानंतर. तेव्हा आता नदीच्या याचिकेसाठी मुंबईची गाडी धरण्याचे कारण राहिलेले नाही. पण न्यायालयाच्या भरवशावर राहून नदी वाचत नाही, हे २०१२ नंतरच्या वर्षांनी शिकविले आहे.

प्रारंभ प्रत्येक गावात, हाताशी असलेल्या कागदापासून करता येईल. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-इ ही अतिक्रमणांची नोंदवही असते. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा होतात. एरवी त्या अर्ध्या तासात उरकतात. पंचगंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठावरील प्रत्येक गावात कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपुढे ती नोंदवही मोठ्याने वाचून दाखविण्याची मागणी करावी. कोणते गायरान किती एकर होते, आज किती आहे, कोणाच्या ताब्यात आहे, त्यात राहते घर कोणाचे, गोदाम कोणाचे, हे नावानिशी वाचले जावे. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या गावांतील शाखांनी आपापली यादी करून ती जिल्हा कार्यालयाकडे पाठवावी. बरगे निघण्याच्या आत ती हाती आली, तर यंदाच्या माशांबरोबर मालकांचीही मोजदाद होईल.